रामदास बोटीवर वायरलेस नव्हता

तर झालं असं, की २२ जुलै २०२१ ला सकाळी मी पुण्यात लॅपटॉप उघडून आमच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगला बसलो होतो (हो, बसलोच होतो. घरून काम करायला लागल्यापासून स्टँडअपला उभं कोण राहतंय!) आणि रत्नागिरीहून आईचा फोन आला. "चिपळूणला पाणी भरलंय म्हणे. मामाचा फोन लागत नाहीये. बघ जरा तुझ्या त्या कम्प्युटरवर."

बघितलं. दिवसभर बघत होतो. वाशिष्ठी रात्रीतून गावात शिरली होती, बाजारपेठ पाण्याखाली होती, वीज गेली होती आणि मोबाईलचे टॉवर एकेक करून गप्प होत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर चिपळूणचे जे दहा-बारा ग्रुप होते, त्या सगळ्यांवर गावाबाहेरचेच लोक एकमेकांना विचारत होते, की कोणाचा कोणाशी संपर्क झालाय का. गावातून उत्तर द्यायला कोणी नव्हतंच. मामाचा आवाज ऐकू आला तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, कोणाच्या तरी फोनवरून. मामा-मामी शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होते. "आम्ही बरे आहोत रे, फ्रिज गेला," एवढंच बोलला आणि फोन ज्याचा होता त्याला परत दिला.

आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगतो. माझ्याकडे तेव्हा हॅम रेडिओचं लायसन होतं. चांगलं सहा वर्षं जुनं. सेट कपाटात होता, बॅटरी होती, गॅलरीत वायरही टांगलेली होती. ते अडीच दिवस मी त्या कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. आणि बघून तरी काय केलं असतं? रेडिओ चालू करून हाक कोणाला मारायची? चिपळुणात पलीकडे ऐकणारं कोणी आहे का, असेल तर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती वाजता, यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

हा प्रश्न मग डोक्यातून जाईना. मी काही इतिहासकार नाही, शनिवार-रविवारी पुस्तकं चाळणारा माणूस. पण आपल्याकडे संकटात वायरलेसने नक्की काय केलं, कधी केलं नाही, हे जमेल तसं वाचत गेलो. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात आमच्या घरातूनच करावी लागेल. आजी हयात होती तोवर आषाढातल्या अमावास्येला घरातून कोणी प्रवासाला निघायचं नाही, असा दंडक होता. बाकी जग त्या दिवशी गटारी साजरी करतं. आजीसाठी तो 'रामदास'चा दिवस. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिना बाकी. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रामदास बोट रेवसला निघाली. सणाला घरी चाललेली माणसं, बहुतेक अलिबाग भागातली. दीड तासाचा प्रवास. पावसाळी समुद्र, जोराचा वारा, एक मोठी लाट आली, लोक एका बाजूला पळाले आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली.

मुंबई बंदरापासून हे अंतर किती? अगदी हाकेच्या नसलं तरी उघडिपीच्या दिवशी दुर्बिणीच्या अंतरावर. आणि तरीही मुंबईला हे कळलं ते संध्याकाळी पाचच्या सुमारास, पोहत-तरंगत किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा तरंगत थेट गेटवेपाशी पोचला होता असं सांगतात. रामदासवर वायरलेस नव्हता. जी माणसं वाचली, त्यातली बरीचशी वाचली ती रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांमुळे. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून दिली आणि माणसं भरली. त्यांनाही कोणी कळवलं नव्हतं, ते वाटेत होते म्हणून त्यांना दिसलं.

आता जरा गंमत बघा (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही). गेटवेपासून चार पावलांवर कुलाब्याला रेडिओ क्लब आहे. आज तिथे लोक लग्नाच्या रिसेप्शनला जातात, पण नाव उगाच पडलेलं नाही. मुंबईत १९२३ च्या जूनमध्ये, सरकारी आकाशवाणीच्या कितीतरी आधी, हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण करून दाखवलं होतं. कलकत्त्याला अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना तर १९२१ मध्येच हौशी वायरलेसचं लायसन मिळालेलं. टायटॅनिकचे बिनतारी संदेश ऐकून कार्पेथिया धावून गेली, त्यालाही १९४७ मध्ये पस्तीस वर्षं झाली होती. म्हणजे तंत्र होतं, माणसं होती, शहाणपणही होतं. रेवसच्या बोटीपर्यंत ते पोचलं नव्हतं, इतकंच.

का पोचलं नव्हतं याचं एक कारण पैसा. दुसरं कारण मला जास्त रंजक वाटतं, ते म्हणजे संशय. ट्रान्समीटर बाळगणारा माणूस सरकारला कायम संशयास्पद वाटत आलाय. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने हॅम मंडळींना हुकूम काढला, की आपापले ट्रान्समीटर जमा करा. ते काही वेडे नव्हते. तीनच वर्षांनी, 'चले जाव' नंतर, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ट्रान्समीटर उभारणीला होता नरिमन प्रिंटर, आधीचा हॅम. जागा बदलत बदलत ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत पोलिसांना चकवलं आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला महालक्ष्मीजवळच्या एका बंगल्यात धाड पडली. आधी पकडल्या गेलेल्या प्रिंटरनेच जागा दाखवली होती. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

काँग्रेस रेडिओ स्वतःचा पत्ता सांगायचा तो फक्त '४२.३४ मीटर्स'. मी सवयीने तीनशेला ४२.३४ ने भागलं (इंजिनियरला आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय राहवत नाही) आणि उत्तर आलं ७.०८५ मेगाहर्ट्झ. खुर्चीतून उठलोच! हा आमचा चाळीस मीटरचा बँड. भारतातले हॅम आजही सकाळी ज्यावर गप्पा मारतात आणि पूर-भूकंपात ज्यावर संदेश पाठवतात, तोच. कारणही एकच. या लहरी उभ्या चढावर आकाशात सोडल्या की वर आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन आसपासच्या चारशे-पाचशे किलोमीटरच्या टापूत परत खाली उतरतात. मध्ये डोंगर असला तरी फरक पडत नाही. भूमिगत क्रांतिकारकांना जे हवं होतं तेच पुरात अडकलेल्या तालुक्याला हवं असतं.

स्वातंत्र्यानंतर लायसनं पुन्हा मिळू लागली, पण संशयाची सवय सुटली नाही. परीक्षा, पोलीस तपासणी, मग महिनोन्‌महिने वाट. परदेशी सेटवर आयातकर. पुढे राजीव गांधी स्वतः हॅम निघाले (व्हीयू टू आरजी हा त्यांचा कॉलसाईन), त्यांच्या काळात जरा बरे दिवस आले. पण १९७८ सालचे जे नियम आम्हाला परीक्षेसाठी पाठ करावे लागले, त्यात एक कलम आहे. हॅमने तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायचा नाही. अपवाद नैसर्गिक आपत्तीचा. आणि त्यातही संदेश कलेक्टर किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून आलेला आणि तशाच अधिकाऱ्याला जाणारा असला पाहिजे.

म्हणजे 'मामा बरा आहे, फ्रिज गेला' हा निरोप नियमात बसत नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडलो होतो. आता तेवढा चिडत नाही. पुरात अडकलेल्या गावात एकच रेडिओ असेल आणि रांगेत पाचशे भाचे उभे असतील, तर सलाईनच्या बाटल्यांचा निरोप आधी गेला पाहिजे, हे मलाही पटतं. फक्त त्या कलमाचा अर्थ असा, की कलेक्टर कचेरीतल्या कोणाला तरी हॅम म्हणजे काय हे आपत्तीच्या आधी माहीत असायला हवं. छातीभर पाण्यातून जाऊन 'साहेब, मी हॅम, माझ्याकडे रेडिओ आहे' म्हटलं तर साहेब चहा तरी देतील का शंका आहे.

मोठ्या आपत्तींचा इतिहास बघितला तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, १९९९ च्या ओरिसाच्या महाचक्रीवादळात, २६ जानेवारी २००१ ला भूजला, हॅम तिथे गेले. *गेले*, हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक सगळे बाहेरून गेले. सेट, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी घेऊन रस्ता मिळेल तसे. आपत्तीचे पहिले काही तास, ज्यात बाहेरच्यांना काहीच माहीत नसतं, ते हुकलेलेच.

याला एक अपवाद आहे आणि तो निव्वळ योगायोगाने घडला. अंदमानातून हॅम रेडिओ चालवायला कित्येक वर्षं परवानगी मिळत नव्हती. भारती प्रसाद यांनी चिवटपणे पाठपुरावा करून ती मिळवली आणि डिसेंबर २००४ मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला जाऊन बसले. कशासाठी? तर छंदासाठी! जगभरच्या हॅम लोकांना 'अंदमान' हा दुर्मिळ ठिकाणाचा टिळा लावून घ्यायचा होता, पोस्टाची तिकिटं जमवावीत तसा. रात्रंदिवस हजारो लोकांशी दोन-दोन वाक्यांची देवाणघेवाण चालू होती. २६ डिसेंबरला सकाळी जमीन हलली, मग त्सुनामी आली. फोन गेले. भारतीताईंनी छंद बाजूला ठेवला आणि त्याच सेटवरून मुख्य भूमीशी संपर्क सुरू केला. पुढे त्यांच्यातले काही कार निकोबारला गेले.

लोक ही गोष्ट सांगताना 'नशीब बघा' म्हणतात. नशीब होतंच. पण मला त्यात दुसरं दिसतं. तीन आठवडे रोज तासन्‌तास गोंगाटातून क्षीण आवाज टिपायचा, कॉलसाईन एकदाच ऐकून अचूक लिहायचा, पुढच्याला थांबवायचं, वेळ नोंदवायची. त्सुनामीच्या आधी त्यांचा तीन आठवड्यांचा सराव झाला होता, त्याला कोणी सराव म्हणत नव्हतं एवढंच. अमेरिकेतले हॅम १९३३ पासून दर जूनमध्ये 'फील्ड डे' करतात, म्हणजे घरातलं स्टेशन सोडून मैदानात तंबू ठोकून चोवीस तास जमतील तेवढे संपर्क करायचे. बाहेरून बघणाऱ्याला पिकनिक वाटते. आहेच पिकनिक. पण वीज नसताना स्टेशन कसं उभं करायचं, हे तिथे सॉसेज खाता खाता शिकून होतं.

आपल्या कोकणाला तर सरावाची तारीख शोधावी लागत नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून दीडशेहून जास्त माणसं गेली आणि ही बातमी मुंबईच्या ९४४ मिलिमीटरखाली दबून गेली. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा बोटी समुद्रात होत्या. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आणि मग ते चिपळूण, आणि त्याच दिवशी महाडजवळचं तळीये.

असो. चिपळूणनंतर मी आणि माझ्यासारखेच दोन आरंभशूर मित्र, एक पुण्यात, एक कोल्हापुरात, असे ठरवून बसलो, की निदान आपण तिघांनी तरी करून बघायचं. संस्था नाही, बॅनर नाही. पहिला प्रयोग एका मे महिन्यात केला. मी रत्नागिरीला आईकडे गेलो होतो. नियम साधे. रविवारी सकाळी सात ते अकरा. घरची वीज वापरायची नाही, मोबाईल बंद, गाडीची जुनी बॅटरी. आधी ठरवलेल्या वेळी ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीवर यायचं. संदेश लिहूनच द्यायचा, आणि आधी व शेवटी 'सराव' हा शब्द तीन वेळा म्हणायचा, नाहीतर ऐकणाऱ्या कोणीतरी खरंच कलेक्टरला फोन करायचा.

पहिला अर्धा तास हातातल्या वॉकीटॉकीवर घालवला. रत्नदुर्गावर जाऊन. दृश्य उत्तम, संपर्क शून्य. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, आणि नजरेच्या रेषेत सह्याद्री आहे. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी चढलो.

मग घरी येऊन दोन माडांच्या मध्ये वीस मीटरची तांब्याची तार बांधली. फार उंच नको, जमिनीपासून तीन-चार मीटरवर असली तरी चालते, कारण लहर वरच पाठवायची असते. शेजारचे तात्या कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "काय रे, पुण्यास वाळत घालायला जागा नाही काय, म्हणून इथवर आलास?"

सेट लावला तर नुसता खरखराट. कोल्हापूरकर बोलतोय हे कळत होतं, काय बोलतोय ते नाही. दहा मिनिटं तारेची दिशा बदल, जोड बघ, सगळं झालं. आणि मग अचानक खरखर थांबली आणि कोल्हापूरकर शेजारच्या खोलीत बसल्यासारखा ऐकू यायला लागला. मला वाटलं मीच काहीतरी हुशारी केली. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "गेली मेली लाईट!" तो सगळा गोंगाट आळीतल्या एलईडी दिव्यांचा, चार्जरचा आणि इन्व्हर्टरचा होता. खऱ्या आपत्तीत हवा स्वच्छ असेल, हा आमच्या बाजूचा एक मुद्दा निघाला म्हणायचा.

पण खरा धडा पुढेच होता. पहिला संदेश मी पाठवला: शिरगाव आरोग्य केंद्राला इन्सुलिनच्या साठ कुप्या हव्यात. कोल्हापूरने तो घेतला, पुण्याला दिला. पुण्याकडून परत वाचून घेतला तेव्हा त्यात सात कुप्या होत्या. साठ, सात, आठ... खरखरीत म्हणून बघा एकदा. आपल्या मराठी आकड्यांसारखी गोड भानगड जगात नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत शेवट ऐकू आला नाही तर दहाचा फरक! त्या दिवसापासून आम्ही 'सहा-शून्य' म्हणतो, एकेक अंक. आणि पुण्याने दुसरा प्रश्न विचारला, "कुठलं शिरगाव?" रत्नागिरीजवळ एक आहे, चिपळूण तालुक्यात एक आहे, देवगडला एक आहे. मी रत्नागिरीत वाढलेला माणूस, मला हे सुचलंच नव्हतं. आता गावाच्या नावापुढे तालुका आणि पिनकोड.

चार तासांत आम्ही नऊ संदेश पाठवले, त्यातले चार जसेच्या तसे पोचले. ऑफिसात असा रिलीज केला असता तर दुसऱ्या दिवशी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं असतं. साडेदहाला बॅटरी बसली, कारण मी ऐकताना किती वीज लागते आणि बोलताना किती, याचा हिशोबच केला नव्हता. पुण्याचा मित्र त्यानंतर वीस मिनिटं मला हाका मारत होता. हाक मारणारा हाका मारतोय आणि पलीकडे काही नाही, हे त्याला कसं वाटलं ते त्याने नंतर फोनवर सांगितलं. मी काही बोललो नाही.

तुम्ही म्हणाल, आता सॅटेलाईट फोन आलेत, पोलिसांचा वायरलेस आहे, एका कंपनीचा टॉवर पडला तर दुसऱ्याच्या टॉवरवरून फोन लागायची सोय झालीय. मान्य. हे सगळं आमच्या तारेपेक्षा शंभरपट चांगलं आहे, आणि ते चालू असेल तेव्हा आम्ही गप्प बसावं हेच बरं. हॅम मंडळींत 'सगळं बंद पडेल तेव्हा आम्हीच' असा एक तोरा असतो, तो मला फारसा झेपत नाही. तीन माणसं, तीन तारा आणि नऊपैकी चार संदेश. यात तोरा कसला?

आता आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसतो. पावसाळ्यात दर रविवारी. गेल्या वर्षी एक चौथा आला, खेडचा शाळामास्तर, नुकताच परीक्षा पास झालेला. त्याचा आवाज खणखणीत आहे आणि तो आकडे फळ्यावर लिहावे तसे म्हणतो, त्यामुळे नऊपैकी आठवर आलोय. मामाने मात्र लायसन काढायला साफ नकार दिला. "या वयात परीक्षा?" म्हणाला. पण माळ्यावर, पुराची खूण आहे त्याच्या वर, त्याने माझी एक बॅटरी आणि वीस मीटर तार ठेवून घेतलीय. वापरणारा कोणी आला तर लागेल म्हणून. दर मे महिन्यात मी जाऊन ती चार्ज करून येतो. यंदा गेलो तर तारेवर मामीने आंबोशी वाळत घातली होती.